पाचवीला ठेवलेली कात्री

बारामतीच्या प्रसूतिगृहाची पहिली नर्स कोण, असं विचारलं तर जुनी माणसं पुण्याहून आलेल्या एका बाईंचं नाव सांगतात. बाई भल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती जागा माझी होती. शब्द मला दिला होता, आणि तो दिला तेव्हा खोलीत मी एकटी नव्हते. ज्यांनी तो ऐकला त्यातले बहुतेक आता वारले. एक हयात आहे, तिला मी मागं एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला काय ठाऊक? मी बाळंतीण होते."

मी कन्हेरीच्या माळ्याची मुलगी. कॅनॉलच्या पाटाखाली आमचं थोडं रान होतं, त्यात वांगी, मिरच्या, मेथी. बाजाराच्या दिवशी आई पाटी डोक्यावर घेऊन बारामतीला जायची आणि मी मागून. आईला भाव करता येत नसे. गिऱ्हाईक दोन शब्द गोड बोललं की ती वर मूठभर मिरच्या टाकायची. मला राग यायचा. दहाव्या वर्षी मी तिला मागं बसवलं आणि तागडी स्वतःच्या हातात घेतली. भाव करणं म्हणजे समोरच्याला काय हवंय ते त्याच्याआधी ओळखायचं आणि आपल्याला काय हवंय ते शेवटपर्यंत बोलायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. वांगी दाबून दाबून परत पाटीत टाकणाऱ्या बायकांनी शिकवलं.

लग्न कऱ्हाटीला झालं. मूल होईना म्हणून तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरी आणली. लोक म्हणतात मला टाकली. मी म्हणते मी उठले आणि चालत माहेरी आले. माहेरी भाऊ होता, भावजय होती. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात भावजय भाकरी वाढताना ताटाकडं बघायची नाही. बारामतीत एक डॉक्टर होते, त्यांच्या घरी आम्ही भाजी घालत असू. मी मराठी सहावी शिकलेली आहे हे कळल्यावर त्यांनीच पुण्याच्या इस्पितळात नर्सचं शिक्षण असतं हे सांगितलं आणि चिठ्ठी दिली.

भाऊ म्हणाला, "लोकांचं हगणं-मुतणं काढाया जाणार व्हय? त्यापरीस हितं वांगी काढ."

"काढली असती," मी म्हटलं. "पर वांगी काढून बी तुझी बायकू भाकरी आपटूनच वाढती."

आईनं तोंडाला पदर लावला. रडत होती की हसत होती ते मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी छोट्या आगगाडीनं दौंडला आणि तिथून पुण्याला गेले.

पुण्याच्या चार वर्षांबद्दल फार लिहीत नाही. पहिलं वर्ष बेडपॅन घासण्यात गेलं, दुसरं इंग्रजी औषधांची नावं पाठ करण्यात. शेवटचं वर्ष बाळंतपणाच्या वॉर्डात. मेट्रनबाई हत्यारं उकळताना स्वतः घड्याळ घेऊन उभ्या राहायच्या. एखादीनं दोन मिनिटं आधी भांडं उतरवलं तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा आम्ही मागं शिव्या घालायचो. पास झाल्यावर मी एका नोकरी सोडून चाललेल्या नर्सकडून तिची नाळ कापायची कात्री विकत घेतली. विलायती पोलादाची, टोकं बोथट, पाती सरळ. तिनं सांगितलेल्या किमतीला मी घेतली नाही हे सांगायला नकोच. सर्टिफिकेट आणि ती कात्री, एवढं घेऊन मी परत आले. मला धाडणारे डॉक्टर त्याच साली वारले होते. त्यांना सर्टिफिकेट दाखवायचं राहून गेलं.

त्या सुमारास, म्हणजे चौतीस-पस्तीस साली, बारामतीत एका देणगीदाराच्या पैशातून प्रसूतिगृह बांधायचं काम चाललं होतं. भिंती वर आल्या होत्या. गावातल्या पाच-सहा मोठ्या माणसांची कमिटी होती आणि कमिटीचे प्रमुख गुळाचे एक आडते. सगळे त्यांना आबा म्हणत. इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातही नर्सची गरज होती असं मी ऐकलं होतं. पण मला जागा बारामतीतच हवी होती. ज्या पेठेत पोरगी असताना मी मेथीच्या जुड्या घेऊन ओरडले, त्याच पेठेतून पांढरं लुगडं नेसून मला ड्यूटीवर जायचं होतं. ही हौस म्हणा, सूड म्हणा. दुसरी गोष्ट, भावाच्या घरी मला दिवाळीपलीकडं दिवस काढता येणार नव्हते.

मी पेढीवर गेले तेव्हा आबा गुळाच्या ढेपांच्या राशीपुढं बसले होते. सौदे आटोपले होते.

"कन्हेरीची ना गं तू? मेथीवाली?"

"व्हय आबा, मेथीवालीच. आता नर्स हाय."

"म्हंजे मेथी महागली म्हणायची," असं म्हणून ते हसले, आणि ते हसले म्हणून दिवाणजी हसले.

मी सर्टिफिकेट पुढं ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडं धरलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "शिक्का तर झकास हाय," म्हणाले.

मी तीन गोष्टी सांगितल्या. आवारात कुलपाची खोली पाहिजे. नोकरी कायम, तसा ठराव लिहून पाहिजे. आणि बाळंतपणाच्या खोलीत माझ्या शब्दावर दुसऱ्या कुणाचा शब्द चालणार नाही.

"पगाराचं तर बोललीच न्हाईस."

"ते शेवटी बोलत्यात आबा."

या वेळी ते मनापासून हसले. मला वाटलं, माणूस माझ्या भाषेतला आहे, जमेल. तीच माझी पहिली चूक. भाव करणाऱ्याला भाव करणारा आवडतो, पण तो त्याला माल देतोच असं नाही.

नंतर मी दर बाजारादिवशी जाऊ लागले. कधी कमिटी बसायची राहिलेली असे, कधी छपराचे पत्रे यायचे असत. एकदा म्हणाले, "पुण्यास्नं आणखी एका बाईचा अर्ज आलाय. तिचं इंग्रजी पक्कं हाय म्हणं." मी ओळखलं की हा पलीकडच्या व्यापाऱ्याचा भाव मला ऐकवतो आहे. मग म्हणाले, "तवर गावात चार बाळंतपणं कर की. लोकांस्नी तुझा हात कळू दे." ते मी केलं. गल्लीबोळात गेले, चुलीवर माझं भांडं ठेवून पाणी उकळलं, सासवांची बोलणी खाल्ली. बारा बाळंतपणं झाली. एकाही बाईला ताप आला नाही, एकही पोर दगावलं नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण नंतर ते कुणीच सांगितलं नाही.

गावात एक म्हातारी सुईण होती. चाळीस वर्षं बारामतीची निम्मी पोरं तिच्या हातावर आली. मला बघितलं की तंबाखूची पिंक टाकून म्हणायची, "आली बघा टोपीवाली. आता बाया घड्याळात बघून बाळंत होत्याल." मी तिला उलट उत्तर द्यायचे. ती नाळ विळ्यानं कापायची, तोही चुलीचं जळण तोडायला वापरलेला. मी तिला एकदाही खाली बसून सांगितलं नाही की असं करू नको, का करू नको. टोमणे मारले फक्त.

श्रावणात आबांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचे दिवस भरले आणि कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला, एक रात्र गेली. पोर पायाळू होतं. सुईणीनं तेल लावलं, उठवलं, बसवलं. पुरुष डॉक्टर घरात आणायचा नाही असं आबांच्या बायकोनं ठरवलं होतं. त्यांना आम्ही काकी म्हणायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा कन्हेरीला आला.

मी गेले तेव्हा मुलीचे ओठ पांढरे पडले होते. सुईण तेलकट हात पदराला पुसत कोपऱ्यात बसली होती. मी हात धुतले, हत्यारं उकळायला ठेवली, आणि म्हटलं, "आजी, पाठ धरा तिची, तुमच्याइतकी घट्ट कुणी धरणार न्हाय." ती उठली. तासाभरानं पोर आलं. निळं होतं. मी त्याच्या तोंडातलं पुसलं, पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या. मग रडलं. मुलगा होता. मी नाळ बांधली, कात्रीनं कापली. काकींनी बाहेर जाऊन थाळी वाजवली.

सगळं आवरलं आणि मी कात्री धुऊन फडक्यात गुंडाळायला लागले, तर काकींनी माझा हात धरला.

"ती कुठं न्हेतीस? ठेव हितं."

"का?"

"का म्हंजे? पाचवीला पुजायची न्हाय? ज्यानं नाळ कापली ते हत्यार सटवाईम्होरं ठेवाया लागतं. पाच दीस बाळंतिणीच्या उशाला ऱ्हातंय ते."

रीत मला ठाऊक होती, मी काही विलायतेत वाढले नव्हते. पाचवीला पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि बोरू ठेवतात, सटवाई येऊन पोराचं नशीब लिहून जाते म्हणतात. विळा तिथं ठेवलेला मी लहानपणापासून बघत आले होते. पण विळा घरचा असतो. कात्री माझी होती, आणि माझ्याकडं एकच होती. बारा बाळंतपणांत हा प्रश्न आला नव्हता, कारण गरिबांच्या घरी मी म्हणाले 'घरातला विळा ठेवा' की बायका ठेवायच्या. काकींना तसं चालणार नव्हतं.

"काकी, ही उकळून ठेवावी लागती. उद्या दुसरी बाई अडली तर मी काय दातानं नाळ तोडू?"

"उंबऱ्याच्या भाईर हत्यार गेलं तर माझ्या नातवाचं नशीब अर्धंच लिवलं जाईल. ते तू भरून देणार हायस का?"

माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. बाळंतीण डोळे मिटून पडली होती आणि तिच्या अंगावरून आमचं भांडण चाललं होतं. आता विचार केला की शरम वाटते. आवाज ऐकून आबा दाराशी आले, आत न बघता उभे राहिले.

"काय गलका हाय? एवढ्याशा कात्रीपायी?"

त्या एका वाक्यात मला बाजार दिसला. समोरच्याला काय हवंय ते कळलं होतं, आणि ते फक्त माझ्या हातात होतं. इतके महिने तो माझ्याशी खेळत होता. मी आवाज खाली आणला.

"ठेवते आबा. पर जागेचं काय ते आज सांगा."

"आगं, पोरीच्या उशाशी सौदा करतीस?"

"तुमी ढेपंच्या उशाशी करता."

सुईण खुदकन हसली. आबा म्हणाले, "म्हैन्यात कमिटी बसती. जागा तुझी. खोली, ठराव, तू म्हणशील तसं. बाईमाणूस हायस म्हणून, न्हायतर उपरण्याखाली हात धरून सौदा पक्का केला असता. आडत्याचा शब्द हाय."

मी कात्री काकींच्या हातात दिली. "सहाव्या दिशी सकाळी न्हेईन," म्हटलं. तेव्हा मला वाटलं, आयुष्यात इतका स्वस्त सौदा मी कधी केला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी गेले तर काकी म्हणाल्या, "ती व्हय? ती सुईणीच्या ओटीत घातली. पाचवीचा मान तिचा. सटवाईम्होरचं सुईणीला जातं, खण-नारळ बी दिला."

"नाळ मी कापली की काकी."

"तू तर नर्स. तू पाचवीला बसतीस व्हय?"

म्हणजे नाळ कापायला मी, मान घ्यायला ती. आणि हे काकींनी दुष्टपणानं केलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी मी सुईण नव्हतेच, डॉक्टरचं काहीतरी होते, आणि रीत तर पुरी व्हायलाच हवी.

मी तणतणत सुईणीच्या घरी गेले. ती उंबऱ्यावर बसून त्या कात्रीनं तंबाखूचं पान कातरत होती. सांध्यात हळद वाळून पिवळी झाली होती, पात्यावर कुंकवाचं बोट.

"आजी, ती माझी हाय."

"व्हती," ती म्हणाली. "आता देवीची, देवीकडनं माझी. ओटीतलं परत मागणारी तूच पयली बघतीया मी. माग की. माझ्या ओटीत हात घालून घे."

तिच्या ओटीत हात घालून घ्यायला माझा हात काही झडला नसता. मोडला असता तर माझा गर्व. मी उभी होते आणि माझ्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला. कात्री गेली असं कमिटीला सांगितलं तर कमिटीला हत्यारांची नवी पेटीच मागवावी लागेल. एका जुन्या कात्रीच्या बदली चिमटे, कात्र्या, थर्मामीटर, सगळं. मी म्हटलं, "ठेवा तुमाला. उकळून वापरा म्हंजे झालं."

"उकळून खाऊ का?" म्हातारी म्हणाली.

आणि मी निघून आले. आबांकडं गेले, पेटीचं बोलले. "मागवू की," ते लगेच म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की मला संशय यायला हवा होता. तो नाही आला, कारण मी खुशीत होते.

तीन आठवड्यांनी गावातल्या एका कापड दुकानदाराची सून बाळंत झाली. बाळंतपण सुईणीनं केलं. त्या घरच्या बायकांनी ऐकलं होतं की आबांच्या नातवाची नाळ विलायती कात्रीनं कापली, तर आमच्याही नातवाची तिनंच कापा. म्हातारीनं कनवटीची कात्री काढली, पदराला पुसली आणि कापली. सातव्या दिवशी पोरानं दूध ओढायचं सोडलं. आठव्या दिवशी मला बोलावलं. मी पाळण्यात वाकून बघितलं. मुठी आवळलेल्या, दातखीळ बसल्यासारखी हनुवटी, आणि दार जरा वाजलं की सगळं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. बेंबीजवळ सुजलेलं. धनुर्वात. तेव्हा त्याच्यावर आमच्या हातात काही नव्हतं. त्या सुनेनं मला विचारलं, "दूध कवा प्येईल?" मी म्हटलं, "बघू." दुसऱ्या दिवशी पोर गेलं.

गावात बोललं गेलं ते एवढंच: नर्सच्या कात्रीनं नाळ कापली आणि पोर गेलं. त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट.

कमिटी बसली त्या दिवशी मला बोलावलं. प्रसूतिगृहाच्या नव्या खोलीत, चुन्याचा वास अजून गेला नव्हता. टेबलावर कात्री ठेवलेली. आबा मधे, शेजारी शाळेचे हेडमास्तर, बाकीचे इकडं-तिकडं. सुईण बाहेर ओट्यावर बसली होती. तिला आत कुणी बोलावलंच नाही.

हेडमास्तरांनी विचारलं, "ही कात्री तुमची?"

"माझी होती."

"हो की नाही तेवढं सांगा."

"हो."

"मग अशी कात्री तुम्ही गावात सोडलीत?"

मी सांगितलं. कात्री हे नुसतं लोखंड आहे, ते उकळलं की स्वच्छ होतं, न उकळता वापरलं की त्यावरची घाण नाळेत जाते. हेडमास्तर डोळे बारीक करून ऐकत होते. मी कात्री उचलली, सांधा उघडून दाखवला. "हे बघा, हळद, कुंकू, तंबाखू. यातनं रोग होतो."

"म्हणजे देवीच्या हळदीनं पोर मेलं म्हणता?" कोपऱ्यातल्या एकानं विचारलं.

"हळदीनं म्हणत न्हाय मी—"

पण तेवढंच ऐकलं गेलं. खोलीत एकदम सगळे बोलू लागले. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुमच्या घरच्या बायका मरत्यात तवा तुमी नशीब म्हणता, आणि आज कात्री म्हणता!" हे मी बोलायला नको होतं. बोललेलं खरं होतं, तरी नको होतं. हेडमास्तरांनी टोपी सारखी केली आणि कागद पुढं ओढला.

मी आबांकडं बघितलं. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. 'कात्री हिनं सोडली नाही, माझ्या घरी मागून घेतली.' एवढंच. ते कात्रीकडं बघत होते. माझ्याकडं बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

तरी एक गोष्ट मीही तिथं बोलले नाही. सुईणीकडनं कात्री परत घेता येत होती. नवी पेटी मिळावी म्हणून मी ती सोडून आले होते. आबा गप्प बसले त्याचा राग मला अजून आहे, आणि तो खरा आहे. पण त्या खोलीत गप्प बसणारे ते एकटे नव्हते.

ठराव पुण्याच्या बाईंच्या नावानं झाला. बाहेर आले तर आबा मागून आले. हळू आवाजात म्हणाले, "शब्द दिला व्हता, मान्य हाय. पर कमिटी म्हंजे काय मी एकटा न्हाय."

"कात्री घेताना एकटेच व्हता आबा."

"तोंड आवर. या तोंडानंच गेली तुझी जागा."

"तोंड नसतं तर तुमची पोरगी गेली असती. तोंडानंच कळा द्यायला लावल्या तिला."

त्यांचा चेहरा पडला की ते रागावले, ते मी बघायला थांबले नाही. ओट्यावर सुईण उठून उभी राहिली होती. तिच्या डोळ्याला धार लागली होती. "मी बोलले असते गं," ती म्हणाली. "आत मला कुणी बोलावलंच न्हाय. त्या पोराला मीच न्हाऊ घातलं व्हतं." मी तशीच पुढं निघाले. माझ्याकडं शब्द होते, ते मी आबांवर संपवले होते.

भावाच्या घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. त्या दिवशी भावजयीनं भाकरी नीट वाढली, आणि ते मला जास्त झोंबलं. चार दिवसांनी मी सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला निघाले. बारामतीबाहेर पडेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, कॅनॉलचं पाणी, हिरवं. पुढं पाणी संपतं, माळ लागतो. निमगाव केतकीला मोटार थांबली, बायका कोंबड्या घेऊन चढल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात चाललीस का? पोटात हाय?" मी म्हटलं, "न्हाय. कामाला."

इंदापूरच्या दवाखान्याचे डॉक्टर मध्यम वयाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं, खरोखर वाचलं, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाले, "बारामतीचं ते पोर. मी ऐकलंय. काय झालं?"

मी तयारी करून आले होते. आबांनी शब्द मोडला, काकींनी कात्री ठेवून घेतली, सुईणीनं ती घाण केली, सगळं पाठ होतं. मी तसं सांगायला सुरुवात केली. ते मधे बोलले नाहीत, नुसते ऐकत राहिले, आणि त्यामुळं मला थांबावं लागलं. मग मी सांगितलं की परत घेता येत होती, मी घेतली नाही. का घेतली नाही तेही सांगितलं.

त्यांनी चष्मा पुसला. "बाळंतपणाला मी तुम्हाला सध्या लावत नाही," म्हणाले. "सहा महिने ड्रेसिंग करा. जखमा, गळवं, नारू. राहायला औषधाच्या कोठीशेजारची जागा आहे, दार नीट बसत नाही. पगार आयाचा मिळेल, नर्सचा नाही. पुढं बघू. बोला, काय म्हणणं आहे?"

माझ्या जिभेवर होतं. चार वर्षं पुण्याला कशाला काढली, आया म्हणून राहायला? दार बसत नाही म्हणजे काय? सहा महिन्यांचं लिहून द्या. हे सगळं मी बोलू शकत होते, आणि मला वाटतं त्यातलं निम्मं पदरातही पडलं असतं. माणूस मऊ होता.

"कधीपासून येऊ?" मी विचारलं.

"पदर खोचा," ते म्हणाले.

पहिला रोगी नारूचा होता. त्या भागात लोक विहिरींच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचे, पाय पाण्यात, आणि उन्हाळ्यानंतर रांगा लागायच्या. माणूस पन्नाशीचा, पिंढरी सुजलेली, जखमेतून नारूचं पांढरं टोक दिसत होतं. ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं असतं. तुटला तर आत सडतो, पाय जातो. मी त्याचा पाय मांडीवर घेतला, जखम धुतली, काडी हातात घेतली.

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "बाई, तुमी बारामतीच्या का? ती पोराची भानगड झाली, त्यातल्या?"

डॉक्टर पलीकडं औषध घोटत होते. त्यांचा हात थांबला नाही, पण त्यांनी ऐकलं.

"व्हय," मी म्हटलं. "त्यातलीच."

तो जरा मागं सरकला, मग पाय तसाच ठेवला. दुसरा कुणी नव्हता आणि पाय ठणकत होता.

"मग हळू वडा," तो म्हणाला.

मी काडी अर्धा वेढा फिरवली आणि थांबले.